न बघितलेली गाठ

निवास ढेबेनं स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, त्या दिवशी पाचगणीच्या केंद्रात कंदी पेढे वाटले गेले. हसू नका. त्या दोन नाड्यांसाठी अख्खं केंद्र कित्येक आठवडे जीव मुठीत धरून बसलं होतं.

निवास हा जावळीच्या बचाव पथकातला पट्टीचा गडी. सेल्फी काढता काढता कड्यावरून खाली गेलेले पर्यटक दोर लावून वर काढायचे, हे त्या पथकाचं काम. तेही फुकट, पोटापाण्याचे उद्योग सांभाळून. निवासच्या शेळ्या आणि स्ट्रॉबेरीची शेती, पण फोन वाजला की हातातला विळा टाकून हा निघालाच. मग गेल्या वर्षी त्याचा लहानपणापासूनचा दोस्त विलास शेलार दोरावरून खाली उतरताना गाठ सरकली आणि विलास दरीत गेला. गाठ तपासायला निवास उभा होता.

तेव्हापासून निवासनं कसलीही गाठ बांधायची सोडली. पायात नाडीचे बूट जाऊन चपला आल्या. शेळ्या मोकाट फिरून लोकांच्या वाफ्यांत शिरायच्या, कारण हा त्यांना दावं लावेना. लेकीच्या वेणीची रिबीन बांधायची वेळ आली की हात थरथरायचे. जेवण तुटलं, झोप गेली, गोळ्या झाल्या, सल्ले झाले, देवऋषी झाला. शेवटी त्याच्या बायकोनं, कमलनं, त्याला हाताला धरून केंद्रात आणून बसवलं आणि डॉ. उल्का बर्गेंना म्हणाली, "मॅडम, ह्यास्नी पुन्हा माणसात आणा. बाकी काय मागत न्हाय मी."

उल्का बर्गे मानसोपचारतज्ज्ञ, वय पन्नाशीच्या आतबाहेर, बोलायला गोड आणि स्वभावानं उतावीळ. त्यांचं केंद्र म्हणजे क्षयरोग्यांसाठी बांधलेलं जुनं आरोग्यधाम; उंच खिडक्या, सिल्व्हर ओकची झाडं आणि काळाशार कोबा. दारातल्या कोब्यात एका मांजरीच्या पावलांची रांग कायमची उमटलेली होती. कोबा ओला असताना मांजर त्यावरून चालत गेली असणार, आणि पुढच्या तीन पिढ्या ती पावलं पुसत बसल्या. केंद्राच्या प्रमुख डॉ. फ्रेनी कामा, सत्तरी ओलांडलेल्या पारशी बाई, शिकायला येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आधी तिथेच उभं करायच्या.

"बघून घे, डिकरा. आपला सगळा धंदा या पायाखाली आहे."

आता हा धंदा काय, तो जरा सांगायला हवा. काही अळंब्यांमध्ये सायलोसायबिन नावाचा पदार्थ असतो. पोटात गेला की काही तास माणसाला नसलेले रंग दिसतात, भिंती श्वास घेतात, काळ ताणला जातो. मेंदूत 'मी, माझं, माझ्यामुळे' अशी पालुपदं घोळवत बसणारी जी यंत्रणा असते, ती सैल पडते. वर्षानुवर्षं एकाच चाकोरीत फिरणाऱ्या दुःखाला त्यामुळे दुसरी वाट सापडू शकते. गोष्ट घडली त्या काळी सरकारनं मोजक्या केंद्रांना हे औषध नैराश्यासाठी वापरायची परवानगी दिली होती.

पण हे काही हळदीचं दूध नव्हे. नाडी आणि रक्तदाब चढतो, मळमळतं, कधी भीतीनं माणूस गारठून जातो. घराण्यात कुणाला भ्रमाचा आजार असेल, स्वतःला उन्माद होऊन गेला असेल, हृदय अधू असेल, तर औषध द्यायचंच नाही. लिथियमची गोळी चालू असेल तर झटके येण्याचं भय. निवासची ही सगळी छाननी उल्काताईंनी महिनाभर केली होती, त्यात काडीची कसूर नव्हती.

खरा शोध होता फ्रेनीबाईंचा. औषधाची झिंग संध्याकाळपर्यंत उतरते, पण त्यानंतरही बरेच दिवस मेंदू लहान मुलाच्या मेंदूसारखा नवं पटकन उचलणारा राहतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. कपाळाला बांधायची एक पट्टी त्यांनी बनवली. तिच्यावर एक निळी रेघ होती. रेघ लांब, म्हणजे मन ओलं. आखूड, म्हणजे सुकत आलेलं. केंद्रात सगळे तिला ओलपट्टीच म्हणायचे. आणि ओल्या मनावर कुणी बोललेलं वाक्य कोब्यातल्या मांजरीसारखं उमटतं, हे या पट्टीमुळे पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. मग काय, जाहिरातवाले आले, एक बाबा आले, एका पक्षाचे लोकही येऊन गेले. फ्रेनीबाईंनी सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

म्हणूनच केंद्राचा नियम कडक होता. औषधाच्या वेळी शेजारी बसणाऱ्या डॉक्टरनं म्हणजे सोबत्यानं फक्त एवढंच बोलायचं: "मी इथे आहे." "पाणी हवं का?" "श्वास घे." समजूत घालायची नाही, अर्थ सांगायचा नाही. घरच्यांनाही बजावलेलं असायचं की ओल सुकेपर्यंत उपदेश बंद. मराठी घरात उपदेश बंद ठेवायला सांगणं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा!

निवासचा दिवस उजाडला. डोळ्यांवर पट्टी, कपाळाला ओलपट्टी, उशाशी उल्काताई. पहिला तासभर तो हसत होता; शेळ्या ढगांतून चरताहेत म्हणाला. मग एकदम अंगाची मुटकुळी करून तो हमसून हमसून रडायला लागला. निळी रेघ टोकाला जाऊन भिडली.

"विलास... विलासची गाठ... मी... मी त्या दिवशी..."

आणि इथे उल्काताईंचा हात आपसूक उठला. पडलेलं पोर उचलून पाठ थोपटावी तसा. त्यांचाही काय दोष म्हणा, उभा जन्म आपण हेच करत आलेलो असतो, कुणी रडलं की आपल्याला राहवत नाही.

"नाही रे बाळा, तुझी काही चूक नव्हती," त्या पाठ थोपटत म्हणाल्या. "गाठ बरोबर होती. सोड आता. तुझी काही चूक नव्हती."

निवासचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. त्याचा श्वास संथ झाला. निळी रेघ एकदा थरथरली, ते उल्काताईंनी पाहिलं. पण पुढच्याच क्षणी त्या पोराच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की त्यांना दुसरं काही आठवेना.

आठवड्यात नाड्या बांधल्या गेल्या. शेळ्यांना दावी लागली. निवास जेवायला लागला, झोपायला लागला, शीळ घालायला लागला. दिल्लीच्या समितीचे दोन डॉक्टर येऊन बघून गेले, त्यातला एक निघताना उल्काताईंचा हात सोडेना. देशभरातल्या केंद्रांना शिकवायला निवासचीच केस घ्यायची ठरलं. उल्काताईंना जमिनीवर पाय ठेवायला फुरसत नव्हती. नियम मोडल्याचं मनात कुठेतरी टोचत होतं, पण इतकं छान झालंय तर कशाला उकरायचं, असं म्हणून त्यांनी ते दाबलं.

त्यानंतर एका सकाळी कमल आली. पेढे घेऊन नव्हे. दारातल्या मांजरीच्या पावलांवर उभी राहिली आणि आत येईना.

"काय गं, काय झालं? निवास बरा आहे ना?"

"लई बरा हाय मॅडम. त्येच तर." कमलनं पदर तोंडाला लावला. "परवा लेकीला बाजारात इसरून घरी आलं. पोर दोन तास रडत हुती पानवाल्यापाशी. मी भांडले, तर हसून माझी पाठ थोपटली. म्हनले, 'माझी काही चूक नव्हती. सोड आता.' काल गॅस उघडा ठेवला. तवाबी तेच. आमच्या घरात असं पुस्तकातल्यागत कोन बोलत न्हाय, मॅडम. ही कुनाची भाषा हाय?"

भाषा उल्काताईंची होती. थोपटणंसुद्धा त्यांचंच होतं.

त्या तडक फ्रेनीबाईंच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. फ्रेनीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अरे, तू काय वेडी झाली काय? त्याचं अपराधाचं ओझं उतरवायचं होतं, की अपराध कळायची शक्तीच काढून घ्यायची होती?"

"मॅडम, तो रडत होता हो."

"रडत होता म्हणजे बोलत होता! तू त्याच्या तोंडावर हात ठेवला."

उल्काताई एकदम म्हणाल्या, "ओल अजून आहे. आठवडाभर तरी राहील. मी त्याला सांगते, की होती, तुझी चूक होती. उलटं वाक्य उमटलं की—"

"खबरदार!" फ्रेनीबाई ओरडल्याच. "एका मांजरीवर दुसरी मांजर सोडते? तुझी चूक होती, हे त्याच्या ओल्या मनावर उमटलं तर तो उद्या त्याच कड्यावरून उडी मारेल. तुला माहीत तरी आहे काय, त्या दिवशी काय झालं?"

नव्हतं माहीत. महिनाभर छाननी केली, रक्तदाब मोजला, आजोबांचे आजार विचारले, पण त्या दिवशी गाठीचं नेमकं काय झालं, हे उल्काताईंनी कधी विचारलंच नव्हतं. वाचलेल्या माणसाला उगाच अपराधी वाटतं, असं पुस्तकात असतं. तेच असणार म्हणून धरून चालल्या होत्या.

इतक्यात मागोमाग येऊन दारात उभ्या राहिलेल्या कमलचा फोन वाजला. बोलता बोलता तिचा चेहरा पांढराफटक पडला. भैरोबाच्या कड्याखाली कुणी बाई अडकली होती. पथक निघालं होतं. आणि निवास, वर्षभरानं पहिल्यांदा, दोरावरून उतरायला सगळ्यात पुढे.

"गाडी!" फ्रेनीबाई म्हणाल्या आणि स्वतःच चालवायला बसल्या. त्या वयात, त्या घाटात, त्या जुन्या जीपमध्ये बाईंनी जी वळणं घेतली, ती उल्काताईंना जन्मभर पुरतील. मागच्या सीटवर कमल भैरोबाला हाका मारत होती.

कड्यावर ही गर्दी! फोन उंचावून चित्रीकरण करणारे, सल्ले देणारे, रडणारे. खाली साठेक फुटांवर एका कपारीत नाशिकच्या एक शिक्षिका झुडूप धरून बसल्या होत्या. पाय मोडला होता, पण आवाज खणखणीत होता. "लवकर या हो, हात सुटतोय!" असं त्या ओरडत होत्या.

पथकाचे म्होरके आबा शेलार दोर सोडत होते. विलासचे वडील. पोरगा दरीत गेला त्याच्या तेराव्यानंतर हा म्हातारा पुन्हा कामाला लागला होता. त्यांच्या पथकाची एक रीत होती. उतरणाऱ्यानं कमरेच्या पट्ट्यात दोराची गाठ मारायची आणि मोठ्यानं विचारायचं, "गाठ?" दुसऱ्यानं ती हातात घेऊन, उलटीपालटी करून, ओढून बघायची आणि मग म्हणायचं, "बघितली." हा शब्द कानावर पडल्याशिवाय कड्यावरून पाय सोडायचा नाही, मग खाली कुणी का असेना.

निवासनं गाठ मारली होती आणि शीळ घालत कड्याच्या टोकाला निघाला होता. विचारलंच नव्हतं त्यानं.

"निवास, गाठ बघू दे," आबा म्हणाले.

"काय बघायचंय आबा, गाठ बरोबर आहे. सोडा आता!" तो हसला.

उल्काताई गर्दीतून वाट काढत त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. धाप लागली होती.

"अरे, मॅडम! बघा, तुमचा पेशंट निघाला कामाला!"

"निवास, थांब. हे जे तू बोलतोस ना, गाठ बरोबर होती, तुझी काही चूक नव्हती, हे तुझं नाही. माझं आहे. तू रडत होतास, मला बघवलं नाही, म्हणून मी ते तुझ्या मनात घातलं. मी त्या दिवशी कड्यावर नव्हते. गाठीचं काय झालं, मला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे. तू सांगायला लागला होतास आणि मी बोलू दिलं नाही."

आणि त्या गप्प झाल्या.

सोपं नव्हतं हो ते! खालून बाई ओरडत होत्या, मागून गर्दी "अरे उतरा की" म्हणत होती, आबा बघत होते, आणि उल्काताईंच्या जिभेवर शंभर वाक्यं येऊन थडकत होती. घाबरू नकोस. तू चांगला मुलगा आहेस. सगळं नीट होईल. प्रत्येक वाक्य त्यांनी गिळलं. हात मागे घेऊन एकमेकांत घट्ट अडकवले. फक्त एवढंच म्हणाल्या, "मी इथे आहे."

निवासचं हसू तोंडावर तसंच होतं, पण ते आता त्याला आवरेना की सोडवेना असं झालं. त्यानं कमरेच्या गाठीला हात लावला. हात थरथरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा थरथरला, आणि ते बघून उल्काताईंच्या काळजात एकाच वेळी धडकी भरली आणि आनंदही झाला.

"आबा," तो म्हणाला. आवाज वेगळाच होता. "त्या दिशी विलास म्हनला, 'गाठ?' मी दुसऱ्या दोराचा गुंता काढत हुतो. गर्दी असलीच हुती. मी... मी मान वर केली न्हाय, आबा. न बघता म्हनलो, 'बघितली.'"

कमलनं डोळे मिटून घेतले.

"कुनाला सांगितलं न्हाय मी. सगळे म्हनायचे तुजी चूक न्हाय, तुजी चूक न्हाय. मला वाटायचं, कुनीतरी इचारा की रे, बघितली हुतीस का म्हनून."

सगळे आबा शेलारांकडे बघायला लागले. आता हा माणूस काय करतो, दोर फेकून निघून जातो की निवासला ढकलून देतो, काही सांगता येत नव्हतं. उल्काताईंनी फ्रेनीबाईंचं मनगट इतकं आवळलं की त्यांच्या बांगडीचा वळ उठला.

मग आबा पुढे झाले. निवासच्या कमरेची गाठ त्यांनी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली, एकेक पदर ओढून बघितला.

"गाठीबाहेरचं शेपूट आखूड ऱ्हायलंय," ते म्हणाले. "सोड आनि पुन्हा बांध."

निवासनं गाठ सोडली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्यानं बाहीनं पुसल्या आणि पुन्हा बांधली. या खेपेला बोटं थरथरत होती तरी शेपूट चांगलं वीतभर बाहेर राहिलं.

"गाठ?" त्यानं विचारलं.

आबांनी परत सगळं पहिल्यापासून बघितलं. खाली शिक्षिकाबाईंचा आरडाओरडा चालूच होता, पण म्हाताऱ्यानं घाई केली नाही.

"बघितली," ते म्हणाले. मग निवासच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "वर ये. मंग बोलू आपन. लई बोलायचं हाय."

निवास उतरला. शिक्षिकाबाई वर आल्या त्या तक्रार करतच, की इतका वेळ काय लावलात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागून निवासचं डोकं कड्यावर दिसलं, तेव्हा उल्काताई चक्क खाली बसून लहान मुलीसारख्या रडल्या. त्यांची पाठ थोपटायला कुणी आलं नाही. फ्रेनीबाई नुसत्या शेजारी येऊन बसल्या.

त्या संध्याकाळी निवास आणि आबा केंद्राच्या ओसरीवर बोलत बसले. काय बोलणं झालं ते कुणी विचारलं नाही. निवासची झोप पुन्हा थोडी उडाली, आणि विलास गेला तो महिना आला की ती उडणारच. पण तो जेवतो, लेकीला बाजारातून हात धरून आणतो, आणि विलासच्या आईला दर सोमवारी भेटून येतो. ओल सुकली तेव्हा त्याच्या मनात जे काही उमटलं होतं, ते त्याचं स्वतःचं होतं.

समितीला उल्काताईंनी सगळं कळवलं. त्यांना सहा महिने सोबती म्हणून बसायला बंदी झाली. दिल्लीच्या त्या डॉक्टरांचे फोन आधी थांबले, मग अचानक जोरात सुरू झाले. कारण निवासची केस शिकवायची ठरलेलीच होती, आता ती दोन्ही बाजूंनी शिकवता येणार होती! उल्काताईंनी नव्या डॉक्टरांना कोब्यातली मांजर दाखवली आणि मग सरळ जीपमध्ये घालून भैरोबाच्या कड्यावर नेलं. निवासनं एकेकाला पट्टा बांधायला लावला आणि दुसऱ्याच्या गाठी तपासायला लावल्या. एक तरुण डॉक्टर फोनकडे बघत "बघितली" म्हणाला, तर निवासनं त्याला सगळ्यांसमोर पुन्हा पहिल्यापासून बघायला लावलं.

बंदी उठल्यावर पहिल्याच दिवशी एक आजी आल्या. धाकट्या मुलाशी वर्षानुवर्षं बोलणं तुटलेलं, आणि तो परदेशात वारला होता. औषध चढलं, निळी रेघ टोकाला गेली, आणि आजींनी उल्काताईंचा हात पकडला.

"माझं चुकलं नाही ना गं? सांग ना, बाई, माझं काही चुकलं नाही ना?"

वाक्य अगदी ओठांवर तयार होतं. उल्काताईंनी ती गाठ बघितलेली नव्हती.

"मी इथे आहे," त्या म्हणाल्या.

आजी थोडा वेळ रडल्या. मग डोळ्यांवरच्या पट्टीखालून, अगदी पहिल्यापासून, सांगायला लागल्या.